शिवाचं राज्य, बुद्धाचं गाव : अंगकोरची संस्कृती कशी घडली

इ.स. ९५३ च्या सुमारास कंबोडियात कवींद्रारिमथन नावाचा एक मंत्री होता. ख्मेर राजा राजेंद्रवर्मन याचा हा विश्वासातला माणूस. राजधानी अंगकोर इथे पुन्हा उभारायची होती, आणि राजवाड्याचं काम त्याच्याकडे होतं. राजाने त्याला आणखी एक काम सांगितलं : साडेसात किलोमीटर लांबीच्या तलावात मधोमध बेट होतं, तिथे मंदिर बांधायचं. आज त्या मंदिराला पूर्व मेबोन म्हणतात. पाच शिखरं, मधल्या गाभाऱ्यात राजाच्या नावाचं राजेंद्रेश्वर शिवलिंग, भोवतीच्या देवळांत शिव-पार्वतीच्या रूपात राजाचे आईवडील, शिवाय विष्णू आणि ब्रह्मा. कवींद्रारिमथनाने हे सगळं उभं केलं. तो स्वतः मात्र बौद्ध होता. तिथून जवळच, बात चुम या ठिकाणी, त्याने स्वतःच्या श्रद्धेपोटी विटांची तीन छोटी देवळं बांधली. तिथे बुद्ध, वज्रपाणी हा बोधिसत्त्व आणि प्रज्ञापारमिता ही प्रज्ञेची देवी यांची पूजा होत असे. अंगकोरमध्ये शेकडो मंदिरं आहेत, पण ज्याचं नाव आपल्याला ठाऊक आहे असा स्थपती बहुधा हा एकच.

अंगकोर म्हटलं की आपल्याकडे पहिला प्रश्न येतो तो म्हणजे ते हिंदू की बौद्ध? आणि मग उत्तर देणारे दोन बाजूंना उभे राहतात. मला हा प्रश्नच त्या लोकांवर अन्याय करणारा वाटतो. ख्मेर लोकांनी हे दोन्ही धर्म समुद्रापलीकडून घेतले, दोघांनाही आपल्या गरजेची कामं दिली, आणि गरज बदलली तेव्हा पुढे असलेला देवही बदलला. राज्य बांधायचं होतं तेव्हा शिव कामी आला. हरलेलं राज्य सावरायचं होतं तेव्हा बुद्ध आला. आणि राज्यच खिळखिळं झालं तेव्हा गावाने एक तिसरीच वाट धरली. हे कसं घडलं ते क्रमाने पाहू.

वाऱ्याबरोबर आलेले देव

पहिली गोष्ट म्हणजे भारतातून कुठलंही सैन्य कंबोडियात गेलं नव्हतं. गेले ते व्यापारी, आणि त्यांच्या गलबतांवर बसून पुरोहित, भिक्षू, कारागीर. मान्सूनचा वारा एका दिशेने नेतो आणि परत यायचं तर वारा फिरेपर्यंत काही महिने थांबावं लागतं. मेकाँगच्या मुखाजवळ फुनान नावाचं राज्य होतं. आज व्हिएतनाममध्ये असलेल्या ओक एओ या जागी त्याच्या बंदरी वस्तीचे अवशेष सापडले, त्यात रोमन पदकंसुद्धा आहेत. अशा ठिकाणी थांबलेल्या माणसांकडून लिपी, कालगणना, देव आणि राज्यकारभाराच्या कल्पना स्थानिक सरदारांपर्यंत पोचल्या. त्यांना त्यातलं जे उपयोगी वाटलं ते त्यांनी उचललं.

कौंडिण्य नावाच्या ब्राह्मणाने तिथल्या नागकन्या सोमेशी लग्न केलं आणि त्यांच्यापासून राजवंश चालला, अशी एक कथा तिकडे फार जुन्या काळापासून सांगतात. इतिहास म्हणून ती खरी धरायचं कारण नाही. पण ख्मेर लोकांना आपली उत्पत्ती कशी सांगावीशी वाटली हे तिच्यातून कळतं : बाप बाहेरून आलेला, आणि आई त्या मातीची, पाण्याची, नागांच्या कुळातली.

इ.स. ४८४ मध्ये फुनानच्या राजाने चीनच्या दरबारी एक दूत पाठवला. दूत नागसेन हा बौद्ध भिक्षू होता. त्याने सम्राटाला काय सांगितलं? आमच्या देशात महेश्वराची पूजा चालते, तो एका डोंगरावर सतत उतरत असतो. बौद्ध भिक्षू शिवाची थोरवी सांगतो आहे, तेही परक्या राजासमोर. पुढच्या काही वर्षांत याच फुनानमधून संघपाल आणि मंद्रसेन हे भिक्षू चीनला गेले आणि बौद्ध ग्रंथांची भाषांतरं करत राहिले. म्हणजे आधी हिंदू काळ, मग बौद्ध काळ अशी शाळेच्या पुस्तकातली मांडणी इथे पहिल्या पावलालाच कोसळते.

या दोन्हींच्या खाली जे मूळचं होतं तेही ध्यानात ठेवायला हवं. पूर्वजांचे आत्मे, जमिनीचे रक्षक, डोंगर, वारूळ, जुनं झाड. ख्मेर भाषेत त्यांना ‘नेआक ता’ म्हणतात, म्हणजे साधारण गावचा पूर्वज-रक्षक. हे कधीच गेले नाहीत. शिव आणि बुद्ध दोघांनाही यांच्याशी जमवून घ्यावं लागलं.

त्या काळचे शिलालेख पाहिले की ही विभागणी डोळ्यांसमोर उभी राहते. एकाच दगडावर वर संस्कृत श्लोक : देवाची स्तुती, राजाच्या पराक्रमाची स्तुती, छंद अगदी काटेकोर. खाली जुन्या ख्मेर भाषेत हिशेब : कोणती शेतं देवाला दिली, त्यांच्या सीमा कुठे, किती भात, किती गुरं, राबायला कोण कोण माणसं, त्यांची नावं. देवांशी बोलायला संस्कृत, भाताचा हिशेब मांडायला आपली भाषा. आणि तारखा शकात, आपल्या पंचांगावर आजही जो शक छापतात त्यातच. मेकाँगकाठच्या सांबोर इथल्या एका लेखात शके ६०५, म्हणजे इ.स. ६८३, असा आकडा आहे आणि त्यातलं शून्य एका ठिपक्याने दाखवलं आहे. तारीख निश्चित ठाऊक असलेल्या जगातल्या सर्वांत जुन्या शून्यांपैकी ते एक.

शिवाने काय दिलं

आठव्या शतकात या प्रदेशात अनेक छोटे राजे होते. इ.स. ८०२ मध्ये, म्हणजे शके ७२४ मध्ये, दुसरा जयवर्मन महेंद्रपर्वतावर गेला. तो डोंगर म्हणजे आजचा फ्नोम कुलेन, अंगकोरच्या ईशान्येला. तिथे हिरण्यदामन नावाच्या ब्राह्मणाने एक विधी केला : हा देश यापुढे ‘जावा’च्या अधीन राहू नये आणि इथे एकच चक्रवर्ती असावा. त्याच वेळी देवराजाचा पंथ सुरू झाला आणि तो चालवायची विद्या राजाचा पुरोहित शिवकैवल्य याला शिकवली गेली.

ही हकिगत आपल्याला कळते ती अडीचशे वर्षांनंतर, १०५२ मध्ये कोरलेल्या स्दोक काक थोम इथल्या लेखातून. लेख लिहवून घेतला शिवकैवल्याच्याच घराण्यातल्या सदाशिव या पुरोहिताने. साहजिकच त्यात आपल्या घराण्याची थोरवी गाण्याचा हेतू आहे, तो वजा करून वाचावं लागतं. देवराज म्हणजे नेमकं काय यावर विद्वानांचं अजून एकमत नाही. राजा स्वतःच देव, असा सरळ अर्थ पूर्वी लावत. आता बरेच जण म्हणतात की तो राजाचा पाठीराखा, राज्याबरोबर फिरणारा देव होता. मला या लेखातली दुसरीच एक गोष्ट मोलाची वाटते. हे पुरोहितपद बापाकडून मुलाकडे जात नव्हतं. ते मामाकडून भाच्याकडे, बहिणीच्या कुळातून चालत होतं. मंत्र संस्कृत, देव शिव, पद ब्राह्मणाचं. पण वारसा ठरवायची रीत त्यांनी आपलीच ठेवली.

शिव राजाच्या कामाला का आला, हे समजायचं तर ८७७ मध्ये गादीवर आलेल्या इंद्रवर्मनाकडे पाहावं. राज्यावर येताना त्याने शब्द दिला की आजपासून पाच दिवसांत मी खोदकाम सुरू करीन. त्याने इंद्रतटाक नावाचा तलाव बांधला, ३.८ किलोमीटर लांब आणि ८०० मीटर रुंद. मग ८७९-८० मध्ये प्रेह को हे सहा शिखरांचं मंदिर बांधलं. पुढच्या तीन शिखरांत बाप, आजोबा आणि दुसरा जयवर्मन, मागच्या तिघांत त्यांच्या बायका, सगळे शिव आणि देवीच्या नावारूपाने. आणि ८८१ मध्ये बाकोंग : पाच पायऱ्यांचा दगडी डोंगर आणि माथ्यावर इंद्रेश्वर लिंग. आधी पाणी, मग पूर्वज, मग राज्याचा डोंगर. पुढचे कितीतरी राजे याच क्रमाने चालले.

यातली पूर्वजांची पूजा ख्मेर लोकांची जुनीच. डोंगरावर देव असतो ही कल्पनाही त्यांचीच. पण शिवलिंगाने या दोन्हींना एक रूप दिलं. लिंगाला राजाचं नाव जोडता येतं, ते डोंगरावर बसवता येतं, आणि त्याच्याभोवती सगळ्या सरदारांच्या गावदेवांना परिवारदेवता म्हणून जागा देता येते. वेगवेगळ्या कुळांना एका छत्राखाली आणण्याची ती व्यवस्था होती. देऊळ हे जमिनीचं, धान्याचं आणि माणसांच्या श्रमाचं खातं होतं. गावं देवाला जोडली जात, गावांनी भात, तूप, तेल, कापड पोचवायचं, आणि देवाच्या नावाने ते राजाच्या यंत्रणेत यायचं. याची किंमत राबणाऱ्या माणसांनी मोजली. शिलालेखांत देवाला ‘दिलेल्या’ माणसांच्या याद्या आहेत, त्यात लेकुरवाळ्या बायकाही आहेत. अंगकोरच्या भव्यतेबद्दल लिहिताना या याद्या वगळू नयेत असं मला मनापासून वाटतं.

पाण्याचंही तसंच. वर्षातले सहा महिने धो धो पाऊस आणि उरलेले सहा जवळजवळ कोरडे अशा प्रदेशात पाणी अडवणारा राजा हा देवाजवळचाच वाटणार. या मोठ्या तलावांना ‘बाराय’ म्हणतात. अकराव्या शतकातला पश्चिम बाराय सुमारे आठ किलोमीटर लांब, दोन किलोमीटर रुंद आहे आणि त्यातल्या बऱ्याच भागात आजही पाणी असतं. त्याच शतकात क्बाल स्पेआन इथे नदीच्या पात्रातल्या खडकावरच शेकडो लिंगं कोरली, शेषशायी विष्णू कोरला. पाणी त्यांच्यावरून वाहत खाली मैदानात जावं, म्हणजे शेतात पोचणारं पाणी तीर्थ होऊन पोचावं, हा हेतू.

एकाच घरात दोघे

शिवाचं राज्य असताना बौद्ध कुठे होते? तिथेच होते. इंद्रवर्मनाचा मुलगा यशोवर्मन हा कडवा शैव. यशोधरपूर ही अंगकोरची पहिली राजधानी त्याची. त्याने पूर्वेच्या मोठ्या तलावाच्या काठी आश्रम काढले : ब्राह्मणांसाठी एक, वैष्णवांसाठी एक, आणि बौद्धांसाठी सौगताश्रम. तिन्हींचे नियम दगडावर कोरलेले सापडले आणि ते बरेचसे एकाच साच्यातले आहेत. अकराव्या शतकातल्या पहिल्या सूर्यवर्मनाला मरणोत्तर नाव मिळालं निर्वाणपद, पण त्याच्या काळात शिवमंदिरंही उभी राहिली. आज थायलंडमध्ये असलेल्या लोपबुरीत त्याचा एक लेख मिळाला. त्यात आज्ञा आहे की तपस्वी असोत, महायानी भिक्षू असोत की स्थविर, म्हणजे जुन्या परंपरेचे भिक्षू, सर्वांनी आपल्या तपाचं पुण्य राजाला अर्पण करावं, आणि त्यांच्या साधनेत जो व्यत्यय आणेल त्याचा न्यायनिवाडा होईल. राजाला तिघांचंही पुण्य हवं होतं.

हे सगळं एका जागी पाहायचं असेल तर बांते स्रेईला जावं. मुख्य अंगकोरपासून वीस-पंचवीस किलोमीटरवर, गुलाबी वालुकाश्माचं छोटंसं शिवमंदिर, ९६७ मधलं. ते राजाने बांधलं नाही. यज्ञवराह नावाच्या राजगुरूने बांधलं. त्याच्या विद्वत्तेची यादी शिलालेखात दिली आहे : पतंजली, कणाद, अक्षपाद, कपिल या दर्शनकारांची मतं, त्यांच्याबरोबर बुद्धाचं मत, शिवाय वैद्यक, संगीत, ज्योतिष. शैव गुरूच्या पात्रतेत बुद्धाचा अभ्यास मोजला जात होता.

तिथल्या एका शिल्पपटासमोर मी सगळ्यांना थांबायला सांगेन. रावण कैलास हलवतो आहे. वेरूळच्या सोळा क्रमांकाच्या लेण्यातला रावण आपण पाहिलेला असतो. डोंगराच्या पोटात अडकलेला, वीस हातांनी जोर लावणारा. बांते स्रेईचा रावणही जोर लावतो आहे, पार्वती इथेही घाबरून शिवाला बिलगली आहे, खालचे ऋषी आणि प्राणी सैरावैरा झाले आहेत. पण डोंगर बघा. वेरूळला तो खडक आहे. इथे त्या कैलासाला पायऱ्या आहेत, अगदी बाकोंगसारख्या, खालून वर निमुळत्या होत जाणाऱ्या. ख्मेर शिल्पकाराने कैलास कधी पाहिला नव्हता. देवाचा डोंगर म्हणजे काय हे त्याला आपल्या राजाच्या मंदिरावरून ठाऊक होतं, आणि त्याने तोच कोरला.

खुद्द अंगकोर वाटविषयी थोडक्यातच सांगतो, कारण त्यावर मराठीतही भरपूर वाचायला मिळतं. १११३ मध्ये गादीवर आलेल्या दुसऱ्या सूर्यवर्मनाने ते विष्णूसाठी बांधलं. १९० मीटर रुंदीचा खंदक, पश्चिमेकडे तोंड, भिंतींवर महाभारत, रामायण, सुमारे ४९ मीटर लांबीचं समुद्रमंथन. त्याच दालनांत यम बसला आहे, शेजारी चित्रगुप्त, आणि पाप्यांना कोणत्या नरकात काय शिक्षा हे नावानिशी कोरलं आहे. राजाची स्वारीही तिथे आहे, सरदारांच्या नावांसकट. वारल्यावर त्याला परमविष्णुलोक हे नाव मिळालं.

हरलेल्या राज्याला बुद्ध का हवा होता

चिनी नोंदींनुसार ११७७ मध्ये शेजारच्या चंपा राज्याच्या आरमाराने अंगकोर लुटलं. शिव आणि विष्णू यांच्या पहाऱ्यातली नगरी पडली. ११८१ मध्ये सातवा जयवर्मन गादीवर आला, तेव्हा त्याचं वय बरंच झालं होतं आणि तो महायान बौद्ध होता. राज्याच्या केंद्रस्थानी बुद्ध बसवणारा हा राजा. मला वाटतं, जुने देव राज्य राखायला कमी पडले ही भावना त्यामागे असणार. शिवाय दुःख हा ज्याचा विषय आहे असा धर्म, दुःख भोगून आलेल्या राजाला जवळचा वाटणारच.

या बदलाचा सर्वांत ठळक पुरावा त्याच्या आरोग्यशाळा. देशभर १०२. त्यांचे शिलालेख ठिकठिकाणी सापडले आहेत, मजकूर बहुतेक सारखाच. त्यात म्हटलं आहे की प्रजेच्या शरीराचा रोग राजाच्या मनाला अधिक जाचतो, कारण राजांचं दुःख म्हणजे राज्याचं दुःख, स्वतःचं नव्हे. चारही वर्णांच्या लोकांवर उपचार व्हावेत असं स्पष्ट लिहिलं आहे. मग तपशील येतो : वैद्य किती, कोठीवर कोण, पाणी तापवायला आणि औषधं कुटायला किती बायका, भात कांडायला किती. वर्षातून तीनदा राजाच्या भांडारातून मध, तीळ, तूप, कापूर, मिरी असं सामान यायचं. प्रत्येक आरोग्यशाळेत भैषज्यगुरू बुद्धाची मूर्ती. याशिवाय राजमार्गांवर १२१ धर्मशाळा होत्या, त्यातल्या ५७ चंपाच्या वाटेवर.

याच राजाने ११८६ मध्ये ता प्रोम हे मंदिर आईच्या स्मरणार्थ बांधलं. आईची मूर्ती प्रज्ञापारमितेच्या रूपात. झाडांच्या मुळांनी कवटाळलेलं म्हणून ज्याचे फोटो सगळीकडे दिसतात तेच हे. तिथला लेख सांगतो की या एका मंदिराच्या सेवेला ३,१४० गावं आणि ७९,३६५ माणसं जोडलेली होती, आणि त्यात ६१५ नर्तकी होत्या. करुणेच्या देवालाही जुनीच व्यवस्था लागली. देव बदलला तरी भात त्याच शेतांतून आणि त्याच माणसांच्या पाठीवरून येत होता.

११९१ मध्ये त्याने वडिलांसाठी प्रेह खान बांधलं, आणि माझ्या मते सगळ्या अंगकोरमध्ये हा विषय सर्वांत स्वच्छ दाखवणारी वास्तू हीच. मधोमध लोकेश्वर, म्हणजे अवलोकितेश्वर हा करुणेचा बोधिसत्त्व, राजाच्या पित्याच्या रूपात. पश्चिमेच्या भागात विष्णूची देवळं, उत्तरेला शिवाची, दक्षिणेला दिवंगत राजे-राण्यांची. एकाच आवारात सगळ्यांना जागा वाटून दिली आहे. लेखात ५१५ देवमूर्तींचा उल्लेख आहे. बौद्ध राजाने जुन्या देवांना हाकललं नाही. त्यांना नव्या मांडणीत बाजूला सरकवून मानाने बसवलं.

त्याच्या राण्यांचा उल्लेखही करायलाच हवा. राजा दूर चंपात असताना धाकटी जयराजदेवी विरहाने खंगली. थोरली बहीण इंद्रदेवी हिने तिला बुद्धाचा मार्ग शिकवला. जयराजदेवी वारल्यावर राजाने इंद्रदेवीशी लग्न केलं. ती विहारात स्त्रियांना शिकवत असे, आणि या सगळ्याची हकिगत सांगणारा फिमेआनाकास या राजवाड्याच्या आवारातल्या मंदिराचा संस्कृत शिलालेख तिने स्वतः रचला. बाराव्या शतकाच्या अखेरीस एका राणीने उत्तम संस्कृतात लिहिलेलं काव्य दगडावर आपल्यासमोर आहे, आणि भारतात फार थोड्यांना हे ठाऊक आहे, याचं मला वाईट वाटतं.

मग तोडफोडही झाली. गोडीगुलाबीचं चित्र रंगवून हा भाग गाळू नये. तेराव्या शतकात मंदिरांच्या भिंतींवरच्या बुद्धमूर्ती छिन्नीने खरवडून काढल्या गेल्या, काहींना दाढी कोरून ऋषी केलं, काहींच्या जागी लिंग कोरलं. प्रेह खानमध्ये हे आजही दिसतं. बायॉन या मंदिरातली साडेतीन मीटरहून उंच, नागाच्या फण्याखाली बसलेल्या बुद्धाची मुख्य मूर्ती तुकडे करून खालच्या खड्ड्यात टाकली होती. ती १९३३ मध्ये सापडली. २००१ मध्ये बांते क्देई इथे २७४ पुरलेल्या बुद्धमूर्ती मिळाल्या. बहुतेक अभ्यासक हे काम आठव्या जयवर्मनाच्या कारकिर्दीतलं मानतात, तो शैव होता. सहाशे वर्षांत धर्माच्या नावाने झालेली एवढी मोठी मोडतोड ही एवढीच दिसते. तिच्या मुळाशी श्रद्धेइतकंच दरबारातलं राजकारणही असावं, कारण देवळांबरोबर देवळांच्या जमिनी कोणाच्या ताब्यात हा प्रश्न जोडलेला होता.

तिसरी वाट गावाची

चिनी शिष्टमंडळाबरोबर आलेला झोऊ दागुआन १२९६-९७ मध्ये जवळपास वर्षभर अंगकोरमध्ये राहिला आणि त्याने पाहिलेलं लिहून ठेवलं. त्याला तीन प्रकारचे धार्मिक लोक दिसले. गळ्यात पांढरा दोरा घालणारे पंडित, ते दरबारात मोठ्या हुद्द्यांवर चढत. दगडाचं लिंग पुजणारे तपस्वी. आणि मुंडण केलेले, पिवळी वस्त्रं नेसणारे, उजवा खांदा उघडा टाकणारे, दिवसातून एकदाच जेवणारे भिक्षू. या भिक्षूंच्या देवळात मूर्ती एकच, बुद्धाची. आणि पुढे तो जे लिहितो ते फार महत्त्वाचं आहे : मुलं शिकायला याच भिक्षूंकडे जातात आणि मोठी झाली की संसारात परततात.

हा थेरवाद, बौद्ध धर्माची जुनी पाली परंपरा. सातव्या जयवर्मनाचा महायान हा नव्हे. याला अवाढव्य दगडी डोंगर लागत नव्हता, हजारो गावांची खाती लागत नव्हती, संस्कृत छंद जाणणारा पंडित लागत नव्हता. लाकडी विहार, गावाने घातलेली भिक्षा, पाली सूत्रं. शेतकऱ्याच्या मुलाने काही महिने चीवर घेतलं तरी आईवडिलांना पुण्य लाभतं, ही सोय शिवाच्या राजमंदिरात कधीच नव्हती. पुण्य पहिल्यांदाच सामान्य माणसाच्या हातात आलं. कंबोडियातला पहिला पाली शिलालेख १३०८-०९ चा आहे. अंगकोरचा शेवटचा संस्कृत शिलालेख १३२७ चा. या वीस वर्षांत एक जग संपून दुसरं सुरू होताना दिसतं.

त्याच सुमारास पाण्याची व्यवस्था कोलमडत होती. झाडांच्या खोडांतल्या वर्तुळांचा अभ्यास सांगतो की चौदाव्या-पंधराव्या शतकात तिथे दीर्घ दुष्काळ पडले आणि मधूनमधून अतोनात पाऊस झाला. कालवे आणि बांध दोन्हींना टिकले नाहीत. अयुथ्थया या शेजारच्या सयामी राज्याच्या स्वाऱ्या सुरू होत्या, १४३१ मध्ये अंगकोर त्यांच्या हाती गेलं, आणि हळूहळू राजधानी दक्षिणेला सरकली. थेरवादामुळे अंगकोर पडलं असं काही जण लिहितात. मला ते पटत नाही. राज्य बुडालं तरी गावाचा विहार बुडत नाही, म्हणून तो टिकला, एवढंच खात्रीने म्हणता येईल.

अंगकोर वाट तर रिकामं पडलंच नाही. विष्णूच्या मंदिरात भिक्षू राहायला आले, मधल्या गाभाऱ्याच्या चारही बाजूंना बुद्धमूर्ती कोरल्या गेल्या. १६३२ मध्ये एक जपानी यात्रेकरू तिथे आला, चार बुद्धमूर्ती अर्पण केल्या आणि खांबावर शाईने तशी नोंद लिहून गेला. त्याच्या समजुतीने तो भारतातल्या जेतवनात, बुद्धाच्या विहारात पोचला होता. पश्चिम दारातली आठ हातांची जुनी विष्णुमूर्ती आज ‘ता रीच’ म्हणून पुजली जाते. अंगावर पिवळं वस्त्र, समोर उदबत्त्या, आणि भक्तांच्या लेखी तो त्या जागेचा नेआक ता. विष्णूची मूर्ती, बुद्धाचं वस्त्र, आणि भाव मूळच्या पूर्वज-रक्षकाचा.

मराठी माणसाला सर्वांत ओळखीचा वाटेल तो सण म्हणजे फ्चुम बेन. पंधरा दिवसांचा, भाद्रपदातल्या वद्य पक्षात; बहुतेक वर्षी आपला पितृपंधरवडा चालू असतो तेव्हाच. भुकेले पितर या दिवसांत सुटून येतात आणि आपल्या माणसांना विहाराविहारांत शोधत फिरतात अशी श्रद्धा आहे. म्हणून घरातले लोक पहाट होण्याआधी उठून चिकट भाताचे गोळे घेऊन विहारात जातात, त्याला प्रदक्षिणा घालत ते गोळे अंधारात जमिनीवर टाकतात. आत भिक्षू पाली सूत्रं म्हणत असतात. शेवटच्या दिवशी सगळं गाव एकत्र जमतं.

राजवाड्यात अजून ‘बाकू’ म्हणजे दरबारी ब्राह्मण आहेत. राज्यघटनेप्रमाणे बौद्ध धर्म हा राष्ट्रधर्म आहे, तरी २००४ मध्ये राजा नोरोदोम सिहामोनी गादीवर बसला तेव्हा भिक्षूंबरोबर या ब्राह्मणांनीही विधी केले. दर वर्षी पावसाच्या तोंडावर राजनांगराचा सोहळा होतो. नांगर फिरवून झाल्यावर बैलांसमोर भात, मका, कडधान्य, तीळ, गवत, पाणी आणि दारू अशी सात पात्रं ठेवतात. बैल कशाला तोंड लावतात ते पाहून बाकू त्या वर्षीचं पीकपाणी सांगतात.

१९७५ ते १९७९ या ख्मेर रूजच्या, म्हणजे पोल पॉटच्या कम्युनिस्ट राजवटीच्या, काळात हे सगळं बंद पाडलं होतं. भिक्षूंची चीवरं उतरवली, असंख्य भिक्षू मारले गेले, विहारांची कोठारं आणि तुरुंग केले. ती राजवट पडली त्याच वर्षी पुन्हा उपसंपदा, म्हणजे भिक्षूंना दीक्षा, दिली गेली. गावागावांत लोकांनी हाती लागेल त्या लाकडा-पत्र्याने विहार उभे केले, आणि बऱ्याच ठिकाणी आवाराच्या कोपऱ्यात नेआक ताचं खोपटंही पुन्हा घातलं.